गाडीचं नाक मोकळं करताना



मागच्या व्याख्यानात कार्यकारणभावावर बोलताना माझ्या तोंडून सहज निघून गेलं होतं, की आमच्या घरात एका एअर फिल्टरवरून चार महिने न्यायशास्त्राचा वाद चालला होता. व्याख्यान संपल्यावर भोवती जमलेल्यांपैकी कार्यकारणभावाबद्दल एकानेही विचारलं नाही. सगळ्यांना तो फिल्टर हवा होता. (हशा) तेव्हा आजचा तास फिल्टरला देऊ.

मी मेकॅनिक नाही, हे आधीच सांगून टाकतो. आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. पण जन्म भुसावळचा, वडील इथल्या लोको शेडात आधी फायरमन आणि पुढे ड्रायव्हर. रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या पोराला इंजिनाबद्दल स्वतःचं मत नसणं शक्यच नाही.

तर गोष्ट अशी. माझा पुतण्या ठिबक सिंचनाच्या सामानाचं काम बघतो. यावल, फैजपूर, सावदा, रावेर हा सगळा केळीचा पट्टा त्याचा. दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर होतात, त्यातले वीस-तीस शेतरस्त्यावरचे. गाडी बाराशे सीसीची पेट्रोल, नव्वद हजार किलोमीटर पळालेली. एका संध्याकाळी तो मोबाइलवर एक व्हिडिओ घेऊन आला. म्हणाला, "नाना, कंपनी गाडीचं नाक दाबून ठेवते. आपण ते मोकळं करायचं. पिकअप वाढतो, अ‍ॅव्हरेज वाढतं." किटची किंमत ऐकून त्याची बायको आत निघून गेली. निम्मे पैसे मी दिले. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी न्यायाधीशासारखा बोलायला लागलो तर मला आठवण करून द्यायला हवी की मी आरोपीही आहे.

किट बसवायला गॅरेजवाल्याला तासभरसुद्धा लागला नाही. मी स्टूल टाकून बघत बसलो होतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. फिल्टरच्या काळ्या प्लास्टिकच्या डब्याच्या क्लिपा उघडल्या, झाकण निघालं, आतला घडीघडीचा कागदी फिल्टर निघाला. मग डब्याचे बोल्ट. डब्यापासून थ्रॉटलपर्यंत जाणारा रबरी होज. त्यात खोचलेला हवेचं तापमान मोजणारा छोटा सेन्सर. इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ परत हवेच्या वाटेत आणून सोडणारी ब्रीदरची नळी. समोर रेडिएटरच्या वरच्या पट्टीतून हवा घेणारी एक सोंड. आणि एक चमत्कारिक वस्तू: होजला आडबाजूला फुटलेला, पुढे कुठेच न जाणारा एक आंधळा डबा. गॅरेजवाल्याने तो हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाला, "सर, हे बघा. याचं काहीच काम नाही. उगाच लावून ठेवतात."

या सगळ्याच्या जागी आला एक चकचकीत अ‍ॅल्युमिनिअमचा पाइप आणि त्याच्या टोकाला लाल शंकूसारखा उघडा फिल्टर. सेन्सर पाइपच्या भोकात रबर लावून बसवला. ब्रीदरच्या नळीच्या तोंडावर एक छोटी टोपी घातली, म्हणजे ती वाफ आता सरळ बाहेर. क्लिपा आवळल्या. गाडी चालू केली.

आणि काय सांगू, आवाज! अ‍ॅक्सिलरेटर दाबला की घशातून गुरगुरल्यासारखा खोल आवाज. आम्ही जळगाव रोडने एक चक्कर मारून आलो. मी मागच्या सीटवर. मला स्पष्ट जाणवलं की गाडी जोरात उठते आहे. कोपऱ्यावर त्याचा मित्र उभा होता, त्याने विचारलं, "काय भो, आता पयते का गाडी?" पुतण्याच्या आधी मीच उत्तर दिलं, "पळते तर!"

आता त्या "पळते तर"चा हिशेब करू.

इंजिन म्हणजे मुळात हवा ओढणारा पंप. पेट्रोल नीट जळायला वजनाने त्याच्या साधारण १४.७ पट हवा लागते. एक लिटर पेट्रोल म्हणजे पाऊण किलो. त्याला हवा लागली अकरा किलो. आपल्या उन्हाळ्यात हवा विरळ असते, अकरा किलो हवेने जागा व्यापली सुमारे दहा हजार लिटर. म्हणजे पस्तीस लिटरची टाकी भरून घेतली, तर ती संपेपर्यंत गाडी दहा बाय दहाच्या बारा खोल्यांमधली हवा पिऊन टाकते. आपण पेट्रोलचा भाव बघतो. हवा फुकट म्हणून तिच्याकडे बघत नाही. पुतण्याचा मुद्दा त्यामुळे मूर्खपणाचा नव्हता, हे मला म्हणायचं आहे. इतकी हवा आत जायची तर वाट मोकळी हवी, हे तर्काला धरूनच आहे.

प्रश्न असा, की वाट अडली कुठे आहे? पेट्रोलच्या गाडीत अडथळ्यांचा राजा फिल्टर नाही, थ्रॉटल आहे. तुमचा पाय ज्या झडपेला हुकूम देतो, ती झडप. तुम्ही साठच्या वेगाने निवांत चालला असता तेव्हा ती जवळजवळ मिटलेली असते आणि तिच्या पलीकडे हवेचा दाब बाहेरच्या निम्म्यावर आलेला असतो. आपण तो मुद्दाम आणलेला असतो, कारण तेवढीच ताकद हवी असते. हतनूरचे दरवाजे बंद असताना वरच्या अंगाला नदीतला एक दगड काढला, म्हणून भुसावळला पाणी जास्त येत नाही. तसंच हे. फिल्टरचा अडथळा कमी केलात, तर तेवढ्याच वेगासाठी पाय केसभर कमी दाबावा लागेल, इतकंच. फरक पडलाच तर पाय तळाला लावून इंजिन वरच्या फेऱ्यांवर ओरडत असताना. तिथे बाराशे सीसीचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांना अठराशे लिटरच्या आसपास हवा ओढतं, सहा हजारांना त्याच्या दुप्पट. त्या क्षणी अडथळा मोजण्याजोगा होतो. पण स्वच्छ कागदी फिल्टर असलेल्या चांगल्या डब्यात तोसुद्धा वातावरणाच्या दाबाच्या दोनेक टक्क्यांच्या घरातला. तो पूर्ण शून्य केला तरी मिळकत तेवढीच. आणि यावलच्या रस्त्यावर सहा हजार फेऱ्या करतो कोण?

मग मागच्या सीटवर मला जे जाणवलं, ते काय होतं?

इथे मला वडिलांची आठवण येते. आमचं क्वार्टर यार्डापासून लांब नव्हतं. रात्री जेवताना वडील मध्येच घास थांबवत आणि म्हणत, "याचा व्हॉल्व्ह बिघडलाय." बाहेरून जाणाऱ्या मालगाडीच्या नुसत्या छक-छकवरून. चार ठोक्यांत एक ठोका लंगडा पडला की वाफ सोडणाऱ्या व्हॉल्व्हची वेळ चुकलेली असते, हे त्यांना कळायचं. ठोका दमदार आहे की पोकळ, यावरून भट्टी कशी पेटली आहे तेही सांगायचे. आणि ते बरोबर असायचं. का बरोबर असायचं? वाफेच्या इंजिनात सिलिंडरमध्ये काम करून दमलेली वाफ धुराड्याखालच्या नळीतून जोरात वर सोडलेली असते. ती वर जाताना पुढच्या पेटीतली हवा आणि धूर ओढून नेते, म्हणून मागे भट्टीत ताजी हवा खेचली जाते. म्हणजे छक-छक हाच त्या इंजिनाचा श्वास. जितकी वाफ खर्च, तितका दणका मोठा, तितकी भट्टीत हवा जास्त. आवाज आणि हवा ही एकाच घटनेची दोन तोंडं होती. आवाजावरून हवेचं अनुमान करणं तिथे शास्त्रशुद्ध होतं.

जाता जाता सांगतो, बाहेरचं काहीतरी लावून इंजिनाचा श्वास वाढवायचा मोह नवा नाही. वाफेच्या काळात इंग्लंडमधले काही ड्रायव्हर-फायरमन त्या नळीच्या तोंडात गुपचूप एक लोखंडी पट्टी अडकवायचे. तिला ते 'जिमी' म्हणायचे. तोंड बारीक झालं की वाफेची धार तीक्ष्ण, ओढ जास्त, भट्टी पेटलेली, वाफ भरपूर. वरिष्ठांना ते चालायचं नाही, कारण नळी आवळली की पिस्टनवर मागून उलट दाब येतो आणि कोळसा जास्त जातो. पट्टी लावणाऱ्याला वाफ दिसायची, उलट दाब दिसायचा नाही.

आता न्यायशास्त्राकडे येतो. घाबरू नका, पाच मिनिटांत परत बोनेटखाली येऊ.

जिथे धूर तिथे अग्नी, हे आपण सगळे शाळेपासून ऐकतो. या जोडीला व्याप्ती म्हणतात: एक असेल तिथे दुसरं असतंच, अपवाद नाही. नैयायिक लगेच विचारतात, उलटं चालेल का? जिथे अग्नी तिथे धूर? नाही. तापवून लाल केलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. मग चुलीत अग्नीबरोबर धूर का दिसतो? कारण सरपण ओलं आहे. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'सारख्या पहिल्या पाठ्यपुस्तकातही हे उदाहरण आहे. या ओल्या सरपणाला नाव आहे 'उपाधी'. म्हणजे मधेच लपून बसलेली अट. ती आपल्याला दिसत नाही, आपण श्रेय भलत्यालाच देतो, आणि असा हेतू व्यभिचारी ठरतो. व्यभिचारी म्हणजे साध्याशी एकनिष्ठ न राहणारा. (हशा) शब्द माझा नाही, शास्त्राचा आहे.

पुतण्याच्या गाडीत ओलं सरपण कोणतं? तो आंधळा डबा! गॅरेजवाला म्हणाला ना, याचं काहीच काम नाही? त्याचं काम होतं आवाज गिळायचं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एक ठरावीक सूर निघतो, कारण आतली हवा स्प्रिंगसारखी आणि मानेतली हवा वजनासारखी हलते. तोच गुण उलटा वापरता येतो. पाइपाला अशी 'बाटली' आडवी जोडली की त्या ठरावीक सुराच्या लाटा तिच्यात शोषल्या जातात. इंजिन हवा अखंड धारेने ओढत नाही, हिसक्यांनी ओढतं. त्या हिसक्यांचा घुमारा हा डबा मारतो. डबा काढला, फिल्टर उघडा पडला, आवाज आला. ताकद वाढली नसती, अगदी कमी झाली असती, तरी आवाज वाढणारच होता.

या बाटलीला हेल्महोल्ट्झचा रेझोनेटर म्हणतात. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ, जर्मन, १८२१ ते १८९४. ध्वनीच्या संवेदनेवरचा त्याचा मोठा ग्रंथ १८६३चा. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना मात्र हा माणूस वेगळ्या कारणाने माहीत असतो. आपलं पाहणं-ऐकणं हे निव्वळ टिपून घेणं नसून त्यात नकळत केलेलं अनुमान असतं, हा विचार त्याने मांडला. आता गंमत बघा. आम्ही हेल्महोल्ट्झची बाटली गाडीतून काढून फेकली आणि त्याच क्षणी मागच्या सीटवर मी हेल्महोल्ट्झने सांगितलेलं नकळत अनुमान करून मोकळा झालो: आवाज मोठा, म्हणजे जोर मोठा. मला 'जाणवलं' असं मी म्हणालो होतो. जाणवलं नव्हतं. मी ते काढलं होतं, आणि काढलेलं मला प्रत्यक्ष वाटलं.

गाड्या बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे. बीएमडब्ल्यूच्या २०११ साली आलेल्या एम५ गाडीत इंजिनाचा आवाज आतल्या स्पीकरमधून वाजवायची सोय होती. एवढी ताकदवान गाडी, पण आवाज आत पोचत नाही म्हणून ती चालवणाऱ्याला कमी वाटेल, अशी भीती.

पुतण्याला मी हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "नाना, मोजून बघू." मला हे उत्तर फार आवडलं. मग एका रविवारी पहाटे मोकळ्या रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसवरून ऐंशीपर्यंत जायला किती सेकंद लागतात ते मोजलं. जाताना, येताना, नव्या फिल्टरने. पुढच्या रविवारी जुना डबा लावून पुन्हा. निकाल काय? एकाच फिल्टरच्या दोन फेऱ्यांमध्ये जेवढा फरक पडत होता, तो दोन फिल्टरांमधल्या फरकापेक्षा मोठा होता. म्हणजे वाऱ्याची दिशा, गिअर टाकायची लकब, माझं घड्याळ दाबायचं बोट, यांच्या गर्दीत फिल्टर हरवून गेला. यावरून फिल्टरने काहीच होत नाही हे सिद्ध झालं नाही. एवढंच झालं, की जे त्याला पहिल्या दिवशी 'जाणवलं' ते घड्याळाला जाणवलं नाही.

आता भुसावळचा खास मुद्दा, उष्णतेचा. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, हे काही नवीन नाही. हवा तापली की फुगते, तेवढ्याच सिलिंडरमध्ये तिचं वजन कमी भरतं. समजा बाहेर ४५ अंश आहे आणि फिल्टर बोनेटखालची ६५ अंशांची हवा ओढतोय. हिशेब केल्व्हिनमध्ये करायचा असतो: ३१८ भागिले ३३८. म्हणजे हवेचं वजन सहा टक्क्यांनी घटलं. मघाशी अडथळा पूर्ण काढून आपण जास्तीत जास्त दोनेक टक्के कमावत होतो, आठवतं? दोन कमावायला सहा घालवले. शिवाय गाडीचा कॉम्प्युटर गरम हवा दिसली की इंजिन ठोकू नये म्हणून ठिणगी उशिरा टाकतो, तो तोटा वेगळा. ती कुरूप काळी सोंड रेडिएटरच्या पुढून हवा घेत होती ती याच कारणाने. तिला आम्ही 'दाबलेलं नाक' म्हणत होतो, आणि खरं तर ती खिडकीबाहेर काढलेलं नाक होती.

पुतण्याने स्वस्तातला एक स्कॅनर आणला. तो डॅशबोर्डखाली खोचला की मोबाइलवर आत जाणाऱ्या हवेचं तापमान दिसतं. धावत्या गाडीत आकडा बरा असायचा. पण नाहाटा चौफुलीला दुपारी गाडी अडकली की चढायला लागायचा आणि गाडी सुटल्यावरही बराच वेळ खाली यायचा नाही, कारण तो चकचकीत पाइपसुद्धा तापलेला असायचा. "कोल्ड एअर" असं त्याच्यावर छापलेलं होतं.

उष्णता तरी संध्याकाळी उतरते. धूळ उतरत नाही, साठते. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट धुळीचीच आहे.

मातीच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात, ते लोखंडाला घासू शकतील इतके कठीण. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांच्यात तेलाचा जो पातळ पडदा असतो, त्याच्या जाडीच्या आसपासचे कण सगळ्यात घातक. ते आत शिरतात आणि पॉलिश पेपरचं काम करतात. फिल्टर तपासायची जगभर एक मान्य पद्धत आहे, आयएसओ ५०११. तिच्यात ठरावीक बारकाईची धूळ फिल्टरवर सोडतात आणि पलीकडे किती गेली ते वजन करून बघतात. ही धूळ मुळात अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातली. आपल्या केळीच्या मळ्यांनी तिचं काही घोडं मारलेलं नाही, पण जातकुळी तीच.

आता आकड्यांची एक फसवणूक बघा. एक फिल्टर ९९.५ टक्के धूळ अडवतो, दुसरा ९८ टक्के. दुकानात आपण म्हणतो, दीड टक्क्याचा तर फरक! पण इंजिनाला अडवलेल्या धुळीशी काय देणंघेणं? त्याला आत आलेली धूळ कळते. शंभर ग्रॅममधली पहिल्यातून अर्धा ग्रॅम आत आली, दुसऱ्यातून दोन ग्रॅम. चौपट! आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण तुमच्या किटच्या खोक्यावर 'हवा किती टक्के जास्त' हे मोठ्या अक्षरात असतं आणि 'धूळ किती आत' हे बहुधा नसतंच.

तेल लावलेल्या सुती जाळीचे फिल्टर वाईटच, असं मी म्हणत नाही. केन जॉन्सन आणि नॉर्म मॅक्डोनल्ड या दोघांनी १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात के अँड एन ही कंपनी काढली, ती अशाच फिल्टरांसाठी जगभर ओळखली जाते. पण शर्यतीची माणसं फिल्टर सतत धुतात, मापाने तेल लावतात आणि इंजिन लवकर उघडणारच असतात. आपण धुतो दिवाळीला. तेल कमी लावलं तर धूळ जाते. जास्त लावलं तर ज्या गाड्यांत हवेचा प्रवाह मोजणारी नाजूक गरम तार असते, तिच्यावर तेलाचा थर बसून कॉम्प्युटरला चुकीचा आकडा जाऊ शकतो. आमचा फिल्टर तर नावाजलेला कुठलाच नव्हता. दिसायला तसा होता.

शेतकऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. जुन्या ट्रॅक्टरला बघा, बोनेटच्या वर टोपी घातलेली नळी उभी असते. हवा उंचावरून घ्यायची, कारण तिथे धूळ कमी. टोपीत ती गरगर फिरवायची, म्हणजे जड कण कडेला पडतात. मग खाली तेलाच्या वाटीवरून न्यायची. ती वाटी उघडली की तळाला काळा गाळ दिसतो. ज्याने तो एकदा पाहिला तो कधी म्हणणार नाही की कंपनीने नाक दाबलंय.

चौथ्या महिन्यात मी पुतण्याला म्हटलं, पाइप काढ आणि फिल्टरच्या आतल्या बाजूने, म्हणजे जिथे हवा गाळून आलेली असायला हवी तिथे, पांढऱ्या फडक्याने पूस. त्याने पुसलं. फडक्यावर राखाडी पीठ आलं. तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही, निदान दहा मिनिटं. (हशा)

मग मी चूक केली. गेले दोन महिने गाडी थोडं ऑइल खात होती. मी म्हटलं, बघ, हा तुझा फिल्टर! त्यावर तो शांतपणे म्हणाला, "नाना, गाडी नव्वद हजार चाललेली. ऑइल आधी खात होती की नाही, मी कधी मोजलंच नव्हतं. फिल्टर लावला आणि ऑइल कमी झालं, म्हणून फिल्टरमुळे कमी झालं? तुमचाही हेतू व्यभिचारीच की."

मंडळी, माझ्या वर्गात इतकं नेमकं उत्तर मला फार थोड्यांनी दिलं. त्याचं बरोबर होतं. पाइपातली धूळ ही साक्ष होती, ऑइलची घट ही माझी हौस होती. धूळ आत जात होती हे सिद्ध झालं. तिने किती नुकसान केलं हे इंजिन उघडल्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही आणि आम्ही ते उघडलेलं नाही. जुना डबा त्याने सुदैवाने भंगारात दिला नव्हता. सोंड, आंधळा डबा, ब्रीदरची नळी, सगळं परत बसवलं. ऑइल आता आम्ही दर रविवारी दांडी काढून बघतो आणि वहीत लिहितो.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणीपुस्तकातला तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ घडणीत बदल नको हीच बाजू उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेल्या बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. फिल्टर काही नोंदणीपुस्तकात लिहिलेला नसतो, म्हणून वकील वाद घालू शकतील. पण ब्रीदरची वाफ उघडी सोडणं हा धुराच्या नियमांशी खेळ आहे, त्यावर वाद घालू नये. गाडी वॉरंटीत असेल, तर हात लावण्याआधी कागद वाचा.

आता प्रश्न घेऊ. आहेत थोडे.

(प्रश्न: म्हणजे असं किट कधीच बसवू नये?)

तसं नाही. इंजिनाची रचनाच बदलली, मोठा टर्बो बसवला, कॉम्प्युटरची मांडणी नव्याने करून घेतली आणि जास्त हवेची खरोखर गरज निर्माण झाली, तर वाट मोठी करावीच लागते. तेव्हाही बंद डब्याचं, बाहेरून थंड हवा घेणारं, एक्झॉस्टपासून आडोसा असलेलं घ्या, आणि आधी-नंतर तापमान मोजा. ज्याला आवाजच हवा आहे त्याने तसं सांगून घ्यावं. आवाजाची आवड हा गुन्हा नाही. तिला ताकदीचं नाव दिलं की घोटाळा होतो.

(प्रश्न: माझी डिझेल आहे. तिला तर थ्रॉटल नसतं?)

चांगला प्रश्न. रोजच्या चालवण्यात डिझेलमध्ये थ्रॉटल ताकद ठरवत नाही, आत जाणारं डिझेल ठरवतं. हवा बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्तच असते. तेव्हा डिझेल तेवढंच ठेवून आणखी हवा दिली तर मिळायचं काय? चोंदलेला फिल्टर बदला, काळा धूर कमी होईल. आणि टर्बोची पाती मिनिटाला लाखाच्या घरात फिरतात, तिथे धुळीचा कण म्हणजे काय ते तुम्हीच समजा.

(प्रश्न: मग फिल्टर किती दिवसांनी बदलायचा? आमचा गॅरेजवाला दर वेळी कॉम्प्रेसरने हवा मारून देतो.)

पुस्तकात दोन आकडे असतात, साधा वापर आणि धुळीचा वापर. आपल्याला दुसरा लागू. आणि कॉम्प्रेसर जपून. कागदी फिल्टरवर धुळीचा हलका थर बसला की तो थरच जास्त बारीक गाळायला लागतो. नव्या फिल्टरपेक्षा थोडा वापरलेला चांगला अडवतो. जवळून जोराची हवा मारली की कागदाला न दिसणारी भोकं पडतात. त्यापेक्षा काही शे रुपयांचा नवा घ्या. डब्याच्या चारही क्लिपा लागल्या का, फिल्टरची रबरी कड सगळीकडे बसली का, ते स्वतः बोट फिरवून बघा. कडेला फट राहिली, तर कागद कितीही चांगला असो, हवा फटीतूनच जाणार.

(प्रश्न: पुतण्याने त्या लाल फिल्टरचं काय केलं?)

विकला. कुणाला, ते अजून मला सांगितलेलं नाही.